परभणीतला शेकाप आणि चीनमधला पक्ष

शेतकरी कामगार पक्ष, म्हणजेच शेकाप, हा महाराष्ट्रातच जन्मलेला आणि इथल्याच शेतकऱ्यांच्या बळावर वाढलेला मार्क्सवादी पक्ष. 2 ऑगस्ट 1947 हा त्याचा स्थापनादिन मानला जातो. केशवराव जेधे, शंकरराव मोरे ही सत्यशोधकी आणि ब्राह्मणेतर चळवळीत घडलेली मंडळी काँग्रेसमधून बाहेर पडली ती शेतकऱ्यांचे राज्य आणण्याच्या जिद्दीने. 1950मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या दाभाडी येथे पक्षाने मार्क्सवाद-लेनिनवाद अधिकृतपणे स्वीकारला. त्याच्या आदल्याच वर्षी, 1 ऑक्टोबर 1949 रोजी, चीनच्या कम्युनिस्ट पक्षाने शेतकऱ्यांच्याच बळावर देशाची सत्ता घेतली होती. दोघांचे तत्त्वज्ञान एक आणि दोघांचा भरवसाही शेतकऱ्यावरच. पुढचे रस्ते मात्र पार वेगळे झाले. ते का वेगळे झाले, हे परभणीसारख्या एका जिल्ह्यात उभे राहून पाहिले तर नीट समजते.

परभणी तेव्हा हैदराबाद राज्यात होती. 17 सप्टेंबर 1948 रोजी निजामाची सत्ता संपली. रझाकारांचा काळ लोकांच्या डोळ्यांसमोर ताजा होता आणि जमिनीचा प्रश्न पेटलेला होता. शेकापने इथे लगेच मूळ धरले. 1952च्या पहिल्या लोकसभा निवडणुकीत परभणीतून नारायणराव वाघमारे शेकापतर्फे निवडून आले. काँग्रेसची लाट देशभर असताना मराठवाड्यातल्या एका कोरडवाहू जिल्ह्याने लाल बावटा दिल्लीला पाठवला, ही साधी गोष्ट नव्हती.

जमिनीच्या प्रश्नावर दोन्हीकडे एकाच वर्षी कायदे झाले. 1950च्या हैदराबाद कूळकायद्याने कसणाऱ्याला संरक्षित कुळाचा हक्क दिला. पण तो हक्क मिळवण्यासाठी कुळाला तहसिलीच्या पायऱ्या चढाव्या लागत, नोंद दाखवावी लागत असे आणि मालक कोर्टात गेला तर तारखा मोजाव्या लागत. चीनमध्ये 1950च्या जमीन सुधारणा कायद्याची अंमलबजावणी पक्षाच्या पथकांनी गावोगाव जाऊन केली. प्रत्येक घरावर जमीनदार, श्रीमंत शेतकरी, मध्यम शेतकरी, गरीब शेतकरी असा शिक्का बसला. भरसभेत जमीनदारांचे गुन्हे वाचले गेले, जमीन वाटली गेली आणि फार मोठ्या संख्येने माणसे मारली गेली. तो शिक्का मुलांनाही चिकटला आणि 1970च्या दशकाच्या शेवटापर्यंत कुणाला शाळेत घ्यायचे, कुणाला नोकरी द्यायची, हे त्यावर ठरत राहिले. वाटलेली जमीनही शेतकऱ्याकडे टिकली नाही. 1958मध्ये ती लोककम्यूनमध्ये गेली आणि त्यानंतरच्या दुष्काळात कोट्यवधी लोक भुकेने मेले. तालुक्याचा पक्षसचिव धान्याचे खोटे आकडे वर पाठवत होता आणि त्याला जाब विचारणारे दुसरे कुणीच गावात उरले नव्हते. सत्तेवरचा पक्ष समाज कसा घडवतो याचे हे सर्वांत कठोर उदाहरण आहे.

परभणीत 1972चा दुष्काळ पडला तेव्हा शेकापकडे सत्ता नव्हती, होता तो मोर्चा. त्याची रीत आजही तीच आहे. खेड्यांतून माणसे एसटीने, बैलगाडीने, पुढे ट्रॅक्टरने येतात, तहसील किंवा कलेक्टर कचेरीसमोर बसतात, भाषणे होतात, शिष्टमंडळ आत जाते. निवेदनाच्या दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का मारून घेतला जातो, कारण पुढच्या मोर्च्यात हीच प्रत दाखवायची असते. कार्यकर्ते एकमेकांना ‘भाई’ म्हणतात, कॉम्रेड नव्हे. दुष्काळी कामे, कापसाचा भाव, कर्ज, पाणी हे विषय असे वर्षानुवर्षे रेटत नेले गेले. रोजगार हमी योजना कायदा होऊन 26 जानेवारी 1979पासून लागू झाली, त्यामागे दुष्काळातल्या मजुरांचा आणि डाव्या पक्षांचा रेटा मोठा होता. विरोधात बसून मिळवलेले हे यश लहान मानू नये.

चीनमध्ये असा मोर्चा कुणापुढे न्यायचा? जिल्ह्याच्या पातळीवर तिथे सरकारचा प्रमुख असतो, पण त्याच्या वर पक्षसमितीचा सचिव असतो आणि खरा निर्णय त्याचा. हा सचिव सहसा बाहेरून नेमला जातो, आपल्याकडचा कलेक्टर जसा परजिल्ह्यातून येतो तसाच. फरक असा की कलेक्टर कोणत्याही पक्षाचा सभासद असू शकत नाही आणि त्याच्या हुकमावर उच्च न्यायालयाच्या खंडपीठात दाद मागता येते. तिथे न्यायाधीश, कुलगुरू, संपादक, सरकारी बँकांचे प्रमुख यांच्या नेमणुका पक्षाच्या संघटन विभागाच्या हातात असतात. सैन्यही देशाच्या आधी पक्षाचे. जिथे तीन सभासद असतील तिथे शाखा काढायची हा नियम गावाला, कारखान्याला, खासगी कंपनीलाही लागू आहे. आज सभासदसंख्या दहा कोटींवर आहे. आठ लहान पक्ष कागदावर आहेत, पण निवडणुकीत पक्षाला हरवण्याची सोय नाही. याच यंत्रणेने गावोगाव प्राथमिक शाळा आणि दवाखाने नेले, 1978नंतर शेती पुन्हा कुटुंबांकडे दिली आणि प्रचंड गरिबी हटवली, हेही तितकेच खरे. त्याच यंत्रणेने एका मुलाची सक्ती घराघरांत घुसवली. दोन्ही गोष्टी एकाच हाताने झाल्या.

शेकापचा सर्वोच्च क्षण 1977 हा. आणीबाणीनंतरच्या त्या निवडणुकीत पक्षाचे महाराष्ट्रातून पाच खासदार निवडून आले आणि त्यांपैकी तीन मराठवाड्याचे होते: परभणीचे शेषराव देशमुख, नांदेडचे केशवराव धोंडगे, लातूरचे उद्धवराव पाटील. पुढच्या वर्षी पुरोगामी लोकशाही दलाच्या, म्हणजेच पुलोदच्या, सरकारात पक्षाला मंत्रिपदेही मिळाली. गंगाखेडच्या राखीव मतदारसंघातून ज्ञानोबा गायकवाड शेकापचे आमदार झाले.

पण शेतकरी आणि कामकरी एकच, हे तत्त्व गावात आले की जातीपाशी अडत होते. 27 जुलै 1978 रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले. परभणी जिल्हाही त्यातून सुटला नाही. वाडा आणि वस्ती यांतले अंतर वर्गाच्या भाषेत मोजता येत नाही, हे तेव्हा उघडे पडले. पक्षाची मुख्य ताकद बागायतदार नसलेल्या पण जमीन असलेल्या शेतकऱ्यांत होती. भूमिहीन मजूर त्या ताकदीच्या कडेलाच राहिला. मला हीच शेकापची सर्वांत मोठी उणीव वाटते.

1980मध्ये परभणीची जागा काँग्रेसकडे गेली. 1989मध्ये अशोकराव देशमुख शिवसेनेच्या पाठिंब्यावर जिंकले आणि तेव्हापासून 1998चा अपवाद सोडता हा मतदारसंघ शिवसेनेच्याच परंपरेत राहिला आहे. 1999मध्ये हिंगोली वेगळा जिल्हा झाला. शेकापची गावागावांतली घरे हळूहळू दुसऱ्या पक्षांत गेली. काही कार्यकर्ते शेतकरी संघटनेत रमले, काही शिक्षणसंस्थांत. लाल बावटा उतरवायला कोणताही हुकूम निघाला नाही. मतदारांनी मत दुसरीकडे दिले आणि जिल्हा परिषद, पंचायत समिती, कलेक्टर कचेरी आपापल्या जागी चालू राहिल्या.