मल्टिपल स्क्लेरॉसिसवरील औषधोपचार आणि रक्तातील जीवनसत्त्वांची पातळी

प्रास्ताविक :
मल्टिपल स्क्लेरॉसिस (यापुढे 'एमएस') हा मेंदू व मज्जारज्जू यांचा विकार असून त्यात शरीराची रोगप्रतिकारयंत्रणाच मज्जातंतूंवरील मायलिन या आवरणाचा नाश करते. ड जीवनसत्त्वाची कमतरता व हा विकार यांचा संबंध अनेक अभ्यासांतून दिसून आला आहे. त्यामुळे रुग्णाच्या रक्ततपासणीतील आकड्याचे कारण आहारात आणि उन्हात शोधले जाते. चालू असलेली औषधेही तो आकडा बदलतात, याकडे मात्र दुर्लक्ष होते. प्रस्तुत लेखात या बाजूचे विवेचन केले आहे.

ऊन आणि रुग्ण :
आपल्या धाराशिव जिल्ह्यात टंचाई असते ती पाण्याची, उन्हाची नव्हे. परंतु शरीराचे तापमान वाढले की एमएसची लक्षणे तात्पुरती बळावतात; शारीरिक श्रमानंतर रुग्णांची दृष्टी तात्पुरती मंदावते, हे जर्मन नेत्रतज्ज्ञ ऊटहॉफ यांनी १८९० मध्येच नोंदविले होते. साहजिकच येथील रुग्ण उन्हाळ्यात घराबाहेर पडणे टाळतो आणि भरपूर ऊन असलेल्या प्रदेशात राहूनही ड जीवनसत्त्वाला मुकतो. शिवाय ऊन हेच एकमेव कारण नाही. पारशी समाजात एमएसचे प्रमाण तुलनेने अधिक असल्याचे मुंबईचे डॉ. नोशीर वाडिया यांनी १९९० मध्ये दाखवून दिले. शेजारच्या इतर समाजांवरही तेच ऊन पडत होते.

औषधांचे परिणाम :
ऑस्ट्रेलियातील टास्मानिया येथील २०१२ च्या अभ्यासात इंटरफेरॉन-बीटा घेणाऱ्या रुग्णांच्या रक्तात ड जीवनसत्त्व अधिक आढळले. तेवढ्याच उन्हातून त्यांच्या शरीरात ते अधिक तयार होत असावे, असा निष्कर्ष संशोधकांनी काढला. याउलट, चेहऱ्यातील तीव्र कळांसाठी दिले जाणारे कार्बामॅझेपिन यकृतातील विकरांना चालना देते व ड जीवनसत्त्वाचे विघटन वाढविते. स्टेरॉईडचा तीन ते पाच दिवसांचा उपचार फारसा बाधत नाही. तो वारंवार घ्यावा लागल्यास कॅल्शियमचे शोषण घटून हाडे ठिसूळ होतात. टेरिफ्लुनोमाइड शरीरातून लवकर काढून टाकण्यासाठी कोलेस्टिरामाइन देतात, ते अ, ड, ई व के या मेदविद्राव्य जीवनसत्त्वांचे शोषण रोखते. रुग्णास मधुमेह असल्यास मेटफॉर्मिनमुळे ब-१२ घटू शकते. ही बाब विशेष महत्त्वाची आहे, कारण ब-१२ च्या कमतरतेनेही हातापायांना मुंग्या येतात, तोल जातो आणि रोगच वाढल्याचा भास होतो.

पातळी वाढवून आजार आटोक्यात येतो काय? २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत ग्लॅटिरामर या औषधासोबत ड जीवनसत्त्वाची मोठी मात्रा देऊनही लाभ दिसला नाही. २०२५ च्या फ्रान्समधील चाचणीत, इतर औषधे सुरू न झालेल्या रुग्णांत मात्र रोगाची सक्रियता घटली. तेव्हा अहवालातील आकडा पाहून ६०,००० युनिटच्या पुड्या स्वतःहून वाढविणे सर्वथा अयोग्य आहे. अतिरेकाने रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडास इजा होते.

बायोटिनचा घोळ :
एमएसवर बायोटिनची मोठी मात्रा गुणकारी ठरेल, अशी आशा काही काळ होती. २०२० च्या मोठ्या चाचणीने ती फोल ठरविली. केस वाढविण्याच्या गोळ्यांतून मात्र ते आजही सर्रास घेतले जाते. प्रयोगशाळेतील अनेक चाचण्यांची रचनाच बायोटिनवर आधारलेली असते. परिणामी रक्तात नसलेले ड जीवनसत्त्व अहवालात दिसू शकते आणि थायरॉईडचे आकडेही चुकतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये याविषयी सावध केले होते. म्हणून रक्त देताना प्रयोगशाळेच्या अर्जावर सर्व औषधांबरोबर या गोळ्यांचीही नोंद करावी आणि त्या किती दिवस आधी थांबवाव्यात, हे डॉक्टरांना विचारून घ्यावे.