नियंत्रकाचा पत्ता बदलताना

अनेक गावांना एकत्रितपणे पाणी पुरविणाऱ्या प्रादेशिक योजनेत जॅकवेल एका ठिकाणी, जलशुद्धीकरण केंद्र दुसऱ्या ठिकाणी आणि जलकुंभ गावोगावी विखुरलेले असतात. जलकुंभ भरताच पंप थांबावा व पातळी खाली जाताच तो पुन्हा सुरू व्हावा, ही कामगिरी जेथे यंत्रावर सोपविलेली असते, तेथे पंपगृहातील पेटीत ‘पीएलसी’ या नावाने ओळखला जाणारा नियंत्रक बसविलेला असतो. जलकुंभावरील नियंत्रक पातळी कळवितो आणि पंपगृहातील नियंत्रक त्याप्रमाणे पंप चालवितो. हा संदेश योग्य ठिकाणी पोहोचण्यासाठी प्रत्येक नियंत्रकाला स्वतःचा पत्ता असावा लागतो. त्यास ‘आयपी पत्ता’ असे म्हणतात.

पत्त्याचे स्वरूप

१९८१ साली निश्चित झालेल्या आणि आजही प्रचलित असलेल्या पद्धतीनुसार हा पत्ता चार अंकांचा मिळून बनतो व प्रत्येक अंक ० ते २५५ यांच्या दरम्यान असतो. १९२.१६८.१.१० हे त्याचे एक उदाहरण होय. लहान जाळ्यात बहुधा पहिले तीन अंक सर्वांना समान असतात आणि शेवटचा अंक प्रत्येक यंत्राचा वेगळा असतो. जणू एकाच आळीतील घरांचे क्रमांक. यंत्रावर कारखान्यातच कोरलेला ‘मॅक’ क्रमांक मात्र निराळा. तो वाहनाच्या चासी क्रमांकासारखा सहसा कायम राहतो. आयपी पत्ता जागेनुसार बदलता येतो.

एकाच बनावटीचे नियंत्रक पुष्कळदा एकच पत्ता घेऊन कारखान्यातून बाहेर पडतात. दोन गावांच्या योजना एका जाळ्यात जोडल्या की, एका पत्त्यावर दोन यंत्रे उभी राहतात. मग संदेश कधी एकाकडे, कधी दुसऱ्याकडे जातो. जलकुंभ भरून वाहू लागतो, किंवा तो रिकामा असूनही पंप सुरू होत नाही. पंप निर्दोष, वीजपुरवठा सुरळीत आणि तरीही गावाला पाणी नाही, अशा वेळी दोष पत्त्यात असू शकतो.

बदलाची रीत

प्रथम जुना पत्ता लिहून घ्यावा आणि नियंत्रकातील कार्यक्रमाची प्रत सुरक्षित ठेवावी. नवा पत्ता निवडताना तो मोकळा असल्याची खात्री करावी. त्या पत्त्यावर संगणकावरून हाक देता येते. परंतु बंद असलेले यंत्र हाकेला उत्तर देत नाही, म्हणून नोंदवहीचा आधार अधिक भरवशाचा. यानंतर पंप हाताने चालविण्याची व्यवस्था करून संगणक तारेने थेट नियंत्रकास जोडावा, संगणकालाही त्याच जाळ्यातील पत्ता द्यावा आणि मग बदल करावा. बदल होताच संपर्क तुटतो. हा बिघाड नव्हे. यंत्राला आता नव्या पत्त्यावर हाक मारावयाची असते. काही नियंत्रक बंद करून पुन्हा सुरू केल्यावरच नवा पत्ता स्वीकारतात.

काम येथे संपत नाही. पेटीवरील पडदा, नियंत्रण कक्षातील संगणक आणि इतर नियंत्रक यांच्यात जुना पत्ता नोंदलेला असतो. तो सर्वत्र बदलल्याशिवाय पंप स्वयंचलित व्यवस्थेकडे सोपवू नये. अखेरीस जलकुंभाची पातळी प्रत्यक्ष पाहून पडद्यावरील आकड्याशी पडताळावी.

सुरक्षितता

कारखान्यातून आलेला पत्ता बदलला, परंतु परवलीचा शब्द तोच ठेवला, तर दार लावून कुलूप उघडे ठेवल्यासारखे होते. नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हानिया राज्यातील ॲलिक्विपा येथील पाणीपुरवठा संस्थेच्या एका उपकेंद्रातील नियंत्रकाचा ताबा परक्या व्यक्तींनी दुरून घेतला. कर्मचाऱ्यांनी ती यंत्रणा बंद करून हाताने काम चालविले आणि पाणीपुरवठा अबाधित राहिला. अशा नियंत्रकांचे मूळ परवलीचे शब्द बदलावेत आणि ते इंटरनेटवर उघडे ठेवू नयेत, असा सल्ला तेथील केंद्रीय यंत्रणांनी त्यानंतर सर्व पाणीपुरवठा संस्थांना दिला. केवळ पत्ता बदलल्याने यंत्र सुरक्षित होत नाही, हा या घटनेचा धडा होय.

नोंद कोणाकडे?

पत्ता बदलणे हे तंत्रज्ञाचे काही मिनिटांचे काम आहे. त्याची नोंद राखणे ही मात्र संस्थेची जबाबदारी आहे. कंत्राटाची मुदत संपते, तंत्रज्ञ बदलतो आणि पत्ता कोणालाच ठाऊक नसल्यामुळे किरकोळ दुरुस्तीही खोळंबते. म्हणून यंत्राचे नाव, जागा, जुना व नवा पत्ता, बदलाची तारीख आणि बदल करणाऱ्याची स्वाक्षरी एवढा तपशील ग्रामपंचायतीच्या किंवा योजनेच्या दप्तरी असावा. परवलीचा शब्द मोहोरबंद पाकिटात जबाबदार अधिकाऱ्याकडे ठेवावा. योजना हस्तांतरित करून घेताना पंप आणि जलवाहिन्या यांच्याबरोबर ही वहीदेखील मागून घेणे अगत्याचे आहे.