दोनदा पोरकी झालेली कंपनी

घरातला कर्ता माणूस गेला, की शेजारीपाजारी दबक्या आवाजात एकच प्रश्न विचारतात, आता या घराचे कसे होणार? ५ ऑक्टोबर २०११ रोजी स्टीव्ह जॉब्ज यांचे निधन झाले, तेव्हा ‘ॲपल’ या अमेरिकन कंपनीबद्दल साऱ्या जगाने हाच प्रश्न विचारला. तो रास्तच होता. या कंपनीने त्यांच्यावाचून एकदा राहून पाहिले होते आणि तो अनुभव काही चांगला नव्हता. एकच माणूस दोनदा गमावण्याची वेळ फार थोड्या उद्योगांवर आली असेल. म्हणूनच ही हकिगत समजून घेण्यासारखी आहे.

पहिली वेळ १९८५ची. जॉब्ज आणि स्टीव्ह वॉझ्नियॅक यांनी १९७६ साली ही कंपनी काढली. १९८४ साली माऊसने चालणारा ‘मॅकिंटॉश’ संगणक आला. कारभार पाहायला पेप्सीतून जॉन स्कली यांना खुद्द जॉब्ज यांनीच आणले होते. पुढे दोघांचे बिनसले. संचालक मंडळ स्कली यांच्या बाजूने उभे राहिले आणि तीस वर्षांचे जॉब्ज बाहेर पडले.

गंमत अशी, की त्यानंतर कंपनी लगेच बुडाली नाही. काही वर्षे तिची विक्री वाढतच राहिली. छपाई आणि पानांची मांडणी करणाऱ्यांनी मॅकिंटॉशला आपलेसे केले. विहिरीचा झरा आटला, तरी साठलेले पाणी काही काळ पुरते. तसेच हे होते. तळ दिसू लागला तो दहा वर्षांनी. १९९५ साली मायक्रोसॉफ्टचे ‘विंडोज ९५’ आले. इकडे ॲपलच्या संगणकांचे नमुने इतके झाले होते, की कोणता घ्यावा हे ग्राहकाला कळेना. १९९६ आणि १९९७ या दोन आर्थिक वर्षांचा तोटा मिळून पावणेदोन अब्ज डॉलरच्या पुढे गेला. १९९७ मध्ये जॉब्ज परत आले आणि त्यांनी पहिले काम केले ते कमी करण्याचे. घरासाठी दोन, व्यवसायासाठी दोन; त्यांतला एक टेबलावरचा, एक सोबत नेण्याचा. एवढेच चार संगणक ठेवायचे, बाकी बंद. मग १९९८ मध्ये आयमॅक, २००१ मध्ये आयपॉड, २००७ मध्ये आयफोन आणि २०१० मध्ये आयपॅड आला.

दुसरी वेळ निराळी होती. पहिली ताटातूट भांडणातून झाली होती. दुसरीची तयारी झाली होती. जॉब्ज आजारपणामुळे २००४, २००९ आणि २०११ असे तीनदा रजेवर गेले. तिन्ही वेळा टिम कुक यांनी काम सांभाळले. कुक १९९८ पासून कंपनीत होते. गोदामांत महिनोन् महिने पडून राहणारा माल त्यांनी काही दिवसांच्या साठ्यावर आणला होता. ते स्वप्न पाहणारे नव्हेत, घडी बसवणारे. शिवाय २००८ साली कंपनीने आपल्याच माणसांसाठी ‘ॲपल युनिव्हर्सिटी’ सुरू केली. आजवरचे मोठे निर्णय कसे घेतले गेले, हे तिथे शिकवले जाई. आणि जॉब्ज यांनी कुकना बजावले होते, की मी असतो तर काय केले असते, हे विचारत बसू नका. जे योग्य वाटेल ते करा. वॉल्ट डिस्नेंच्या मागे त्यांची कंपनी नेमक्या याच प्रश्नात अडकून पडली होती, असे त्यांचे निरीक्षण होते.

असे अडकले की काय होते? जॉब्ज ज्यांना आदर्श मानत, त्या एडविन लँड यांची ‘पोलरॉइड’ पाहा. क्षणात फोटो हातात देणारा त्यांचा कॅमेरा १९४८ साली बाजारात आला. १९८२ साली लँड कंपनीपासून दूर झाले. कंपनीचा खरा नफा फिल्मच्या विक्रीवर होता. डिजिटल कॅमेऱ्याचे तंत्र तिला अनोळखी नव्हते, पण फिल्मवरचा जीव सुटेना. २००१ साली तिने दिवाळखोरी जाहीर केली. संस्थापकाची वस्तू तिने जपली. वस्तू मोडून नवी करण्याचे त्याचे धाडस मात्र जपले नाही.

आता ॲपलला दहा वर्षांची कसोटी लावून पाहू. जॉब्ज गेले तेव्हा कंपनीचे बाजारमूल्य साडेतीनशे अब्ज डॉलरच्या आसपास होते. ऑगस्ट २०१८ मध्ये ते एक हजार अब्जांवर गेले आणि जानेवारी २०२२ मध्ये त्याने तीन हजार अब्जांना स्पर्श केला. २०१५ मध्ये घड्याळ आले. २०२० मध्ये कंपनीने संगणकात स्वतः आखलेली चिप बसवली. म्हणजे यावेळी विहीर आटली नाही.

पण नाण्याला दुसरी बाजूही आहे. २०१२ साली नकाशांत इतक्या चुका निघाल्या, की कुक यांना जाहीर माफी मागावी लागली. मोटारीवरचे सुमारे दहा वर्षांचे काम २०२४ मध्ये सोडून द्यावे लागले. ‘सिरी’च्या नव्या क्षमता २०२४ मध्ये जाहीर केल्या आणि २०२५ मध्ये लांबणीवर टाकल्या. आयफोनने जसे जगणे बदलले, तसे बदलणारी दुसरी वस्तू काही आली नाही.

१९७४ साली एकोणीस वर्षांचे जॉब्ज गुरूच्या शोधात भारतात आले होते. एप्रिल २०२३ मध्ये कुक मुंबईत आले ते वांद्रे-कुर्ला संकुलातल्या दुकानाचे दार उघडायला. जाता जाता त्यांनी वडापावही चाखला. एक शोधायला आला, दुसरा मांडायला. शिस्त, नेमकेपणा आणि ‘नाही’ म्हणण्याची सवय शिकवता येते. या शिदोरीवर संस्था टिकते, वाढतेही. जे अजून कुणालाच दिसलेले नाही ते आधी पाहण्याची नजर मात्र वारसाहक्काने मिळत नाही.

तेव्हा एखाद्या शाळेतून, वाचनालयातून वा छापखान्यातून तो उभा करणारा माणूस गेला, तर पहिल्या वर्षाच्या जमाखर्चावरून निकाल देऊ नये. ते पाणी त्याच्याच वेळचे असते. दहा वर्षांनी जावे, आणि तिथे कुणी नवी विहीर खणायला घेतली आहे का, ते पाहावे.