दोन राजधान्या, दोन सहली

वाशी म्हटले की शहरातील बहुतेकांच्या डोळ्यांपुढे मुंबईच्या खाडीपलीकडचे उपनगर उभे राहते. त्याच नावाचे दुसरे एक गाव धाराशिव जिल्ह्यात आहे. ते तालुक्याचे ठिकाण असून प्रवासाच्या दृष्टीने त्याची जागा मोठी मोक्याची आहे. ह्या तालुक्यातील पारगाव व तेरखेडा ह्या गावांवरून धुळे-सोलापूर हा राष्ट्रीय महामार्ग जातो. त्याचा आजचा क्रमांक ५२. ह्या एकाच रस्त्याने उत्तरेस बीडवरून गेले असता छत्रपती संभाजीनगर व तेथून देवगिरी गाठता येते. दक्षिणेस तुळजापूर-सोलापूरवरून गेले असता विजापूर लागते. दोन्ही स्थळे वाशीपासून २०० किलोमीटरच्या आसपास आहेत. दख्खनच्या दोन जुन्या राजधान्यांच्या जवळजवळ मध्यावर हे गाव वसलेले आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

पुण्या-मुंबईत नोकरीनिमित्त राहणारी कुटुंबे दिवाळीत अशा गावी आली, की घरात सहलीची गोष्ट निघते. हाती सुटीचे दोनच दिवस असतात. बरोबर आजोबा असतात, शाळकरी मुले असतात. परदेशातील दोन राजधान्या चार दिवसांत दाखविण्याच्या जाहिराती सर्वांनी वाचलेल्या असतात. तोच हिशेब येथे लावून देवगिरी व विजापूर एकाच दौऱ्यात उरकण्याचा बेत ठरतो. तो बहुधा फसतो. दोन दिवसांतील निम्मा वेळ गाडीत जातो, आजोबा किल्ल्याच्या पायथ्याशी बसून राहतात, आणि परतल्यावर मुलांना अंधारी वाट कोठे होती व मोठा घुमट कोठे होता, हेही नीट सांगता येत नाही. ह्याचे कारण असे, की ह्या दोन राजधान्या स्वभावाने परस्परविरुद्ध आहेत. देवगिरी उंचीवर विसंबून राहिली, विजापूर विस्तारावर. एक चढून पाहावयाची, दुसरी फिरून पाहावयाची. तेव्हा प्रत्येकीची सहल निराळी ठेवावी व तिचा बेत त्या त्या नगरीच्या स्वभावाप्रमाणे आखावा, हेच उचित होय.

प्रथम देवगिरीचा विचार करू जाता, बाराव्या शतकाच्या अखेरीस यादव राजा पाचवा भिल्लम ह्याने येथे राजधानी केली. येथील सिंघण राजाच्या आश्रयास शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ रचला. पुढे महादेव व रामचंद्र ह्या राजांच्या पदरी हेमाद्री पंडित होता. १२९६ साली अल्लाउद्दीन खिलजीची स्वारी आली. १३२७ साली महंमद तुघलकाने दिल्लीची राजधानी येथे आणून गावास दौलताबाद हे नाव रूढ केले. परंतु काही वर्षांतच त्यास हा बेत सोडावा लागला. सतराव्या शतकात हीच निजामशाहीची राजधानी झाली व १६३३ साली मोगलांच्या हाती गेली. इतक्या सत्तांना एकाच डोंगराचा मोह का पडावा, ह्याचे उत्तर तो डोंगर पाहताच मिळते. सपाटीतून सुमारे २०० मीटर उंच उठलेला हा सुळका खालच्या अंगास सर्व बाजूंनी तासून उभा केला आहे व त्याभोवती खडकातच खंदक खोदलेला आहे. खंदकावरील अरुंद पूल ओलांडला की ‘अंधारी’ नावाचा वळणावळणाचा भुयारी मार्ग लागतो. शत्रूस दिशा उमगू नये व एका वेळी थोडीच माणसे पुढे सरकावीत, ह्यासाठी त्याची योजना आहे.

ह्या रचनेतूनच सहलीचे वेळापत्रक निघते. वर जाऊन खाली येण्यास दोन ते तीन तास सहज लागतात, आणि उन्हात तापलेला कातळ दुपारी कोणासही क्षमा करीत नाही. म्हणून आदल्या दिवशी दुपारी वाशीहून निघून संभाजीनगरास मुक्काम करावा. तेथून किल्ला सुमारे १५ किलोमीटर आहे. सकाळी दरवाजा उघडताच आत शिरावे. बरोबर पाणी व विजेरी असावी, पायांत घट्ट बसणारे जोडे असावेत. मंडळीचे दोन गट करण्यास संकोच बाळगू नये. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी खालच्या सपाटीवरील चांदमिनार, हत्ती हौद व प्राचीन खांबांचा प्रशस्त सभामंडप निवांत पाहावा. पंधराव्या शतकात बहामनी सुलतानाने उभारलेला तो मिनार ६० मीटरांहून उंच आहे. पुढे चिनी महाल लागतो. गोवळकोंड्याचा अखेरचा सुलतान अबुल हसन तानाशाह ह्यास १६८७ नंतर येथे कैदेत ठेविले होते. धडधाकट मंडळींनी अंधारीतून वर बारादरीपर्यंत जावे. एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी ह्यांची समाधीही ह्याच गडावर आहे. दुपारी परतीस लागावे, अथवा पुढे तेवढ्याच अंतरावर असलेले वेरूळ गाठून केवळ कैलास लेणे पाहावे. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात, हे ध्यानात ठेवूनच वार ठरवावा.

विजापूरची गोष्ट ह्याच्या नेमकी उलट आहे. सरकारी दप्तरी आता विजयपुरा म्हणून ओळखले जाणारे हे शहर मोकळ्या माळावर वसलेले आहे. १४९० च्या सुमारास यूसुफ आदिलशहाने येथे स्वतंत्र सत्ता स्थापिली. ती १६८६ पर्यंत टिकली. डोंगराचा आधार नसल्यामुळे येथील राजांनी सुमारे १० किलोमीटर घेराचा तट बांधला, बुरुजांवर तोफा चढविल्या व तलाव-बावड्या खोदून पाण्याची तरतूद केली. ह्या विस्तीर्ण नगरीत इमारती एकमेकींपासून लांब विखुरलेल्या आहेत. येथे दम लागत नाही. मात्र वेळ कोठे निघून गेला हे कळत नाही. पाहण्याजोग्या स्थळांची यादी पुरी करण्याच्या नादास लागलेला प्रवासी प्रत्येक ठिकाणी दहा मिनिटे उभा राहतो व सायंकाळी त्यास सर्व कमानी एकसारख्याच वाटू लागतात.

त्यावर सोपा उपाय आहे. आदल्या रात्री विजापुरासच मुक्काम करावा व सूर्याबरोबर पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकत जावे. प्रातःकाळी शहराच्या पूर्व अंगास असलेला गोलघुमट पाहावा. महंमद आदिलशहाची ही कबर १६५६ च्या सुमाराची. घुमटाचा बाहेरील व्यास सुमारे ४४ मीटर असून त्याखालच्या दालनात मध्ये एकही खांब नाही. एकमेकींना छेदणाऱ्या कमानी चौकोनी भिंतींवरून वर्तुळाकार घुमटाचा भार तोलून धरतात. कोपऱ्यातील सातमजली मनोऱ्याच्या जिन्याने वर गेले असता घुमटाच्या आतील सज्जा लागतो. तेथे एका बाजूस कुजबुजलेला शब्द समोरच्या बाजूस स्पष्ट ऐकू येतो, कारण वक्र भिंत ध्वनीस विखरू न देता कडेकडेने पुढे नेते. परंतु शाळांच्या सहली आल्या की तेथे कल्लोळ माजतो व मूळ नवल हरपते. म्हणून घाई करावयाची तर येथेच करावी, पुढे नाही.

मध्यान्ही जामा मशिदीच्या सावलीत थांबावे, बालेकिल्ल्यातील गगनमहालाची भव्य कमान व दुसऱ्या अली आदिलशहाची अपुरी राहिलेली बारा कमान पाहावी. तिसऱ्या प्रहरी पश्चिमेकडील तटावर जाऊन मलिक-ए-मैदान तोफ व अखेरीस तटाबाहेरील इब्राहिम रोजा गाठावा. दुसरा इब्राहिम आदिलशहा स्वतः संगीताचा मर्मज्ञ होता. ‘किताब-ए-नौरस’ हा दख्खनी भाषेतील गीतसंग्रह त्याचा. १६२७ साली तो वारला. त्याच्या कबरीवरील नाजूक कोरीव काम कलत्या उन्हात पाहावे. गोलघुमटाच्या प्रचंडपणानंतर ही नाजूकता विशेष मनात भरते. दोन्ही राजधान्यांत संगीतावर ग्रंथ निपजले, हे साम्यही मुलांना अवश्य दाखवावे.

ऋतूविषयी एवढेच सांगणे पुरे, की कार्तिकापासून माघापर्यंतचा काळ दोन्ही स्थळांस उत्तम होय. वैशाखात देवगिरी चढू नये. पावसाळ्यात तिच्या पायऱ्या निसरड्या होतात. आणि बरोबर भाकरी-पिठल्याची शिदोरी बांधण्यात कमीपणा मानू नये. देवगिरीचा कडा कोणी चढून जिंकला नाही. १२९६ साली धान्याच्या म्हणून गडावर चढविलेल्या गोण्यांत मीठ निघाले व राजास तह करावा लागला, असे परंपरा सांगते. विजापूरही १६८६ साली दीर्घ वेढ्यानंतर उपासमारीने हतबल होऊन शरण गेले. उंची असो की विस्तार, कोठीत धान्य नसेल तर दोन्ही व्यर्थ, हा ह्या दोन राजधान्यांचा सामाईक धडा आहे.

दोन सहली दोन निरनिराळ्या सुट्यांत कराव्यात. मध्ये एखादा अर्धा दिवस मोकळा सापडला, तर धाराशिव जिल्ह्यातीलच परांड्याचा किल्ला पाहावा. १६०० साली अहमदनगर पडल्यावर मलिक अंबराने निजामशाहीचा वारस गादीवर बसविला तो येथेच. विजापूरची मलिक-ए-मैदान तोफ १५४९ साली अहमदनगरास ओतली गेली व पुढे परांड्याच्या किल्ल्यावर होती. १६३२ साली मुरार पंडिताने ती विजापुरास नेली. तिचे वजन सुमारे ५५ टन! त्या काळी महामार्ग नव्हता, नद्यांवर आजच्यासारखे पूल नव्हते. परांड्याचा बुरूज आधी पाहून जो विजापूरच्या तटावर त्या तोफेसमोर उभा राहील, त्यास राजधान्यांचे वैभव कोठून कोठे व किती माणसांच्या श्रमाने वाहून नेले जात असे, ह्याची कल्पना कोणी न सांगताच येईल.