देवळात ठरणारे व्याज

सिंगापूरच्या मार्केट स्ट्रीटवर कर्ज काढायला गेलेल्या माणसाला काउंटर दिसत नसे. लांबच लांब ओसरीसारखी जागा, जमिनीवर ओळीने मांडलेली बैठी मेजे, मागे लाकडी कपाट आणि त्याला पाठ टेकून कपाळी भस्म लावलेला चेट्टियार. अशा एकेका जागेला तमिळमध्ये पेट्टियडी म्हणत, म्हणजे पेटीच्या पायथ्याची जागा. तेवढ्यात एक अख्खी पेढी मावे. दिवसा तिथे चोपड्या उघडत, रात्री तिथेच पथारी पडे. एका छपराखाली अशा कैक पेढ्या नांदत, ती किट्टंगी. आपल्या गुदामाशी नाते सांगणारा शब्द आहे हा.

हे नाट्टुकोट्टै चेट्टियार तमिळनाडूतल्या चेट्टिनाडचे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ते सिंगापुरात आले. मालक बहुधा गावी, आणि इथे त्याचा मुनीम, साधारण तीन वर्षांच्या बोलीवर, बायकामुले मागे ठेवून. हिशेब मात्र पोरवयातच पक्का झालेला. आपल्याकडे पंतोजी पावकी-निमकी घोकून घेत. तमिळ पोरांची मजल मुंदिरीपर्यंत जाई, म्हणजे एकाच्या ३२०व्या भागापर्यंत! चिनी दुकानदार, कथलाच्या खाणींचे आणि रबराच्या मळ्यांचे मालक, झालेच तर कर्जात बुडालेले गोरे नोकरदार, सगळे या मेजासमोर येऊन वचनचिठ्ठीवर सही करत.

मला कुतूहल आहे ते हा पैसा यायचा कुठून याचे. मालकाचे भांडवल असेच, पण चेट्टियार एकमेकांकडे ठेवीही ठेवत. ठराविक मुदतीच्या ठेवीला तवणै म्हणत आणि आपसातल्या चालू दराला नडप्पु वट्टी. हा दर कोणी एक सावकार ठरवत नसे. वस्तीतले चेट्टियार देवळात जमत आणि तिथे तो ठरे. रंगूनला तर ही बैठक महिन्याच्या महिन्याला भरे.

शिवाय प्रत्येक पेढी मगमै नावाची पट्टी देवाला देई. ती नुसती हुंडीपेटीत पडून राहत नसे. देवळाचा निधी पुन्हा चेट्टियार पेढ्यांकडेच व्याजाने जाई. म्हणजे देव ठेवीदार आणि भक्त ऋणको. मराठी माणसाला यात नवल वाटू नये. धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींनी पहिल्या बाजीरावाला कर्ज दिले होते आणि वसुलीचा तगादाही लावला होता. फरक इतकाच, की तिथे एक स्वामी आणि एक पेशवा. इथे सगळी जमात एकमेकांच्या डोळ्यांसमोर.

सिंगापुरात या जमातीचे देऊळ म्हणजे टँक रोडवरचे श्री तेंडायुदपाणी, हाती दंड घेतलेला मुरुगन. १८५९ साली चेट्टियारांनी ते बांधले. आजची इमारत १९८३ची आहे.  देवळाचा उपयोग पूजेपुरता नव्हता. आपसातल्या तंट्याला कोर्टाआधी जमातीची बैठक होती. ठेव बुडवणाऱ्याला पुढच्या पूजेला त्याच माणसांच्या पंगतीत बसायचे असे, मुलीचे लग्नही त्यांच्यातच जमवायचे असे. तारणापेक्षा हे जड.

श्रद्धेच्या भरवशावर चालणारा असा पैसा इतरत्रही आहे. अमेरिकेत काही ख्रिस्ती पंथांचे कर्जनिधी आहेत. भाविक मुदतीची ठेवपावती घेतो, त्या पैशातून दुसऱ्या गावच्या चर्चला इमारतीसाठी कर्ज मिळते. बँकेतल्या ठेवीसारखे सरकारी विमासंरक्षण या पावतीला नसते. सारी भिस्त पंथावरच्या विश्वासावर. सिंगापुरात मात्र धर्माचा पैसा आणि रोखे यांची गाठ भलत्याच रीतीने पडली. सिटी हार्वेस्ट चर्चच्या इमारत निधीतले २.४ कोटी सिंगापूर डॉलर दोन कंपन्यांच्या रोख्यांत घातले गेले आणि ते पाद्रीबुवांच्या पत्नीच्या पॉप गायनाच्या कारकिर्दीवर खर्च झाले. ते लपवायला आणखी २.६ कोटी फिरवले गेले. २०१५ साली कोर्टाने रोखे बनावट ठरवून सहा जणांना दोषी धरले. २०१७ साली अपिलात शिक्षा घटल्या. श्रद्धा चेट्टियारांच्या देवळातही होती आणि या चर्चमध्येही. चर्चमध्ये मात्र देणारा आणि घेणारा एकाच टेबलावर बसला होता आणि पाहणारे बाहेर राहिले होते.

चेट्टियारांना संत ठरवायचे कारण नाही. जमातीच्या आतला विश्वास बाहेरच्या ऋणकोच्या वाट्याला येत नसे. १९३०च्या मंदीत तांदळाचे भाव कोसळले तेव्हा दक्षिण ब्रह्मदेशातल्या मुख्य भातजिल्ह्यांत चेट्टियारांकडची जमीन सुमारे ६ टक्क्यांवरून १९३८पर्यंत २५ टक्क्यांवर गेली. त्या शेतकऱ्यांना देवळातल्या बैठकीत जागा नव्हती.

पुढे याच जमातीतल्या एम. सीटी. एम. चिदंबरम चेट्टियार यांनी १९३७ साली इंडियन ओव्हरसीज बँक काढली. कारैकुडी, मद्रास आणि रंगून अशा तीन शाखा एकाच दिवशी उघडल्या. मार्केट स्ट्रीटवरच्या किट्टंग्या नव्या बांधकामात गेल्या. त्या रस्त्यावर आज ५१ मजली कॅपिटास्प्रिंग उभी आहे.

तैपूसम सणाच्या आदल्या दिवशी मात्र टँक रोडवरून मुरुगनाचा चांदीचा रथ अजून निघतो. कियोंग सैक रोडच्या विनायगर देवळात भावाला भेटून तो संध्याकाळी परत येतो.