टेकडीवर आरक्षण आहे, मग टेन्शन कशाला?

आज बोलूया बीडीपीबद्दल. बीडीपी म्हणजे जैवविविधता उद्यानाचं आरक्षण. १९९७ साली पुणे महापालिकेत आलेल्या २३ गावांच्या विकास आराखड्यात सुमारे ९७८ हेक्टर टेकड्यांवर ते सुचवलं गेलं. राज्य सरकारची मंजुरी मिळाली थेट २०१५ मध्ये.

आरक्षण पडलं म्हणजे टेकडी वाचली का? नाही ना! यातली बरीच जमीन खासगी आहे. मोबदला देऊन ती ताब्यात घ्यावी लागते. नगररचना कायद्याचं कलम १२७ सांगतं, की १० वर्षांत हे झालं नाही तर जमीनमालक नोटीस देऊ शकतो. पुढे ठरलेल्या मुदतीतही संपादनाची पावलं उचलली नाहीत, तर आरक्षणच रद्द. आमच्या भाषेत सांगायचं तर फीचर प्लॅनमध्ये आहे, पण रिलीज झालेलं नाही.

मग आपल्या हातात काय? मंजूर आराखड्यात महापालिकेला बदल करायचा असेल, तर कलम ३७ नुसार नोटीस काढून हरकती-सूचना मागवाव्या लागतात. मुदत असते एक महिना. टेकडीचं रील टाका, जरूर टाका. पण त्या महिन्यात सर्व्हे नंबर आणि कारण लिहून लेखी हरकतही द्या. सुनावणी हरकतीवर होते, रीलवर नाही.