डोळे बारके काढलंस

सकाळी 6.15. मालवण डेपो. काखेत हाफ इम्पिरियलचा ड्रॉइंग बोर्ड, पाठीला सॅक. कंडक्टर रोजचाच. "ह्या फळ्याचा हाफ काढू काय रे?" हा विनोद जूनपासून चालू आहे. मी रोज हसतो, कारण बोर्ड उभा ठेवायला जागा तोच करून देतो.

7.30. कुडाळला गाडी बदलायची. पुढे लगेच पिंगुळी. इथल्या परशुराम गंगावणे यांनी गुरांच्या गोठ्यात चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांचं संग्रहालय थाटलं. 2021 साली त्यांना पद्मश्री मिळाली. चित्रकथीची पोथी पहिल्यांदा पाहिली तेव्हा त्यातले टपोरे डोळे मला 'शैली' वाटले. वहीतही तसंच लिहिलं.

9.00. सावंतवाडी, कला महाविद्यालय. आज स्थिरचित्र: तांब्याची कळशी, असोला नारळ, निळं फडकं. दोन तास नारळाच्या शेंडीतच गेले. सर मागे येऊन उभे राहिले. "दहा पावलं मागे जा. डोळे किलकिले कर." दारातून बघितलं. धागा न् धागा काढलेली शेंडी म्हणजे नुसता काळा डाग. कळशीवरचा पांढरा ठिपका तेवढा लखलखत होता, आणि तो मी घाईत, शेवटी टेकवलेला.

1.00. मोती तलावाच्या काठावर डबा. समोर राजवाडा. 1970 च्या दशकात इथल्या राजघराण्याने बुडू घातलेली गंजिफा पुन्हा उभी केली. दशावतारी गंजिफाचे पत्ते 120. दहा अवतार, प्रत्येकाचे बारा. पत्ता गोल, तळहातात मावणारा. त्यातल्या माशाचा डोळा म्हणजे कुंचल्याचं एक टेकणं. बस्स.

दुपारी लेटरिंग. त्याबद्दल न बोललेलं बरं. परतीचा प्रवास झोपेत.

रात्री 11.00. गावची जत्रा. पालखी फिरून आली की दशावतारी नाटक. 2025 च्या 'दशावतार' सिनेमानंतर मुंबईच्या पाहुण्यांना हा प्रकार काय ते पहिल्यापासून सांगावं लागत नाही, एवढं बरं झालंय. मी रंगपटात स्केचबुक घेऊन बसलो. पेटाऱ्याला टेकवलेला हातभर आरसा. त्यात बघून राजपार्टवाले काका स्वतःच रंगत होते. काजळाची रेघ डोळ्याच्या कोपऱ्यावर थांबली नाही, सरळ कानशिलाकडे गेली. माझं चित्र त्यांनी आरशातूनच बघितलं.

"डोळे बारके काढलंस."

"काकानू, जवळसून असेच दिसतत."

"जवळसून बघूक कोण येता रे?"

12.30. मी मुद्दाम मागे, खाजाच्या दुकानांपाशी जाऊन उभा राहिलो. मंचावर एक बाकडं. आधी सिंहासन, मग रथ, मग कैलास. कुणालाही शंका नाही. पायपेटी, मृदंग, झांज. हातात संहिता नाही, संवाद जागच्या जागी. एवढ्या लांबून काकांचं नाक दिसत नव्हतं, हनुवटी दिसत नव्हती. डोळे मात्र राक्षसावर रोखलेले स्वच्छ दिसत होते. स्केचबुकातलं पान उलटलं आणि फक्त डोळे काढले. सात वेळा.

पहाटे 5.30. दहीकाला झाला. काका खोबरेल लावून तोंड पुसत होते. अर्धा राजा, अर्धा माणूस.

6.15 ची गाडी लागली आहे. नारळाची शेंडी पुन्हा रंगवायची आहे, आणि सबमिशन आजच आहे.